दंडावरचं इंजेक्शन खांद्यात बसलं, तर भरपाई मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा. मंगळवार पेठेतले एक गृहस्थ लिहितात: पत्नी, वय ४३, घरीच ब्लाउज शिवतात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर पत्र्याने डाव्या हाताला कापलं. जवळच्या खासगी हॉस्पिटलात टाके घातले आणि उजव्या दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्याच रात्रीपासून उजवा खांदा ठणकायला लागला. आज अकरा महिने झाले, हात कानाच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही, मशिनवर अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. एमआरआयमध्ये खांद्यातल्या पिशवीला सूज दिसली. हॉस्पिटल म्हणतं हा फ्रोजन शोल्डर, वयाचा आजार, त्यात थायरॉइडची गोळी चालू आहे, इंजेक्शनचा संबंध नाही. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे याचे पैसे सरकार देतं. यांचे प्रश्न चार: लस बनवणाऱ्या कंपनीवर केस करावी का, किती रक्कम मागावी, मुंबईच्या फेऱ्या होतील का, आणि हॉस्पिटल गल्लीतलंच आहे, उद्या रात्री-अपरात्री गरज पडली तर काय.

मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षं वकिली करतोय, त्यातली बरीचशी ग्राहक आयोगात. रुग्णांच्या बाजूने उभा राहिलोय तसा डॉक्टरांच्या बाजूनेही, त्यामुळे सामनेवाले काय बोलणार हेही जरा ठाऊक आहे. कागद न बघता वकिलाने निकाल सांगू नये, तसा तो मीही सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नात एक घोटाळा आहे, तो आधी सोडवू.

तुम्ही 'लसीमुळे झालेली इजा' असं लिहिलंय. नोटिशीत हे शब्द जाऊ देऊ नका. तुमचं भांडण लसीशी नाही, सुईशी आहे. लस चांगली होती की वाईट हा प्रश्नच येत नाही. सुई कुठे टोचली, एवढाच वाद आहे. हे नीट मांडलं तर तुमची केस साध्या निष्काळजीपणाची होते. नाही मांडलं, तर सामनेवाल्यांचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणेल, 'साहेब, ही लस देशभर कोट्यवधी लोकांना दिली जाते', आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा बचाव करत बसाल.

आता सुईचं बघा. खांद्याच्या वरच्या बाजूला बोटाने चाचपलं तर हाडाचं एक टोक लागतं. तिथून दोन-तीन बोटं खाली, दंडाचा स्नायू जिथे सगळ्यात जाड असतो, तिथे सुई काटकोनात जायला हवी. त्या हाडाच्या लगेच खाली एक पातळ पिशवी असते, सांधा फिरताना घासू नये म्हणून. सुई फार वर टोचली तर औषध स्नायूत न जाता त्या पिशवीत किंवा सांध्याच्या दोऱ्यांपाशी पडतं. लस बनवलेलीच असते शरीराची प्रतिकारशक्ती चाळवायला. स्नायूत पडली की दोन दिवस दंड दुखून थांबतो, पिशवीत पडली की तिथेच सूज धरते आणि महिनोन्‌महिने उतरत नाही. डॉक्टरी पुस्तकांत याला आता स्वतंत्र नाव आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिर्व्हा' म्हणतात. २०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास छापला तेव्हापासून ते रूढ झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन ही लसच आहे हेही सांगून ठेवतो, कारण अनेकांना ते नुसतं 'टीटी' म्हणून माहीत असतं. हल्ली त्यात घटसर्पाचाही भाग असतो, म्हणून टीडी.

आपल्याकडे सुई वर टोचण्याचं एक अगदी घरगुती कारण आहे. तुमच्या मिसेसना, म्हणजे वहिनींना, निवांत विचारा: त्या दिवशी ब्लाउजची बाही वर गुंडाळली होती का, की गळ्याकडून ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला होता? घट्ट बाहीचा ब्लाउज असला की बाही वर सरकत नाही, आडोसाही नसतो. मग सिस्टर म्हणते, 'जरा इकडून सोडा.' गळ्याकडून ओढला की खांद्याचा गोल उघडा पडतो आणि दंडाचा जाड भाग झाकलेलाच राहतो. जे दिसतं तिथेच सुई जाते. त्यात पेशंट स्टुलावर बसलेला आणि टोचणारी उभी असली, तर हात आणखी वर जातो. एका बाईंच्या केसमध्ये मी शपथपत्रात एवढंच लिहिलं होतं: बाही कशी होती, कुठून ओढली, कोण कुठे उभं होतं, सुई हाडापासून किती बोटांवर लागली. वैद्यकीय शब्द एकही नव्हता. सामनेवाल्यांना त्या चार ओळींचं उत्तर शेवटपर्यंत देता आलं नाही. वहिनी तर स्वतः ब्लाउज शिवतात. बाही किती घट्ट होती हे त्यांच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार!

भाचा सांगतो ते खोटं नाही, पण ते तिथलं. अमेरिकेने १९८६ साली कायदा केला आणि १९८८ पासून लसीच्या इजांसाठी वेगळा निधी सुरू झाला. लसीच्या प्रत्येक डोसवर, त्यातल्या एकेका आजारामागे पाऊण डॉलर कर बसतो आणि त्यातून भरपाई मिळते. खांद्याची ही इजा २०१७ मध्ये त्यांच्या अधिकृत तक्त्यात आली. त्या खांद्याला आधी काही दुखणं नसावं, लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत दुखायला लागावं, दुखणं आणि हालचालीची अडचण टोचलेल्या खांद्यापुरतीच असावी, आणि दुसरं कुठलं कारण सापडू नये. एवढं जुळलं की कोणाची चूक झाली हे सिद्ध करावं लागत नाही. अर्जाला तीन वर्षांची मुदत, वेदनेपोटी कमाल अडीच लाख डॉलर, आणि वकिलाची फीसुद्धा निधीतून. आपल्याकडे इंजेक्शन चुकीच्या जागी बसलं म्हणून अर्ज करून रक्कम घ्यायची अशी खिडकी नाही. इथे चूक दाखवावी लागते. कोविडच्या लसींचे वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तो वेगळा विषय आहे, त्यात तुमची केस गुंतवू नका.

तरी भाच्याचं बोलणं उडवून लावू नका. त्या चार कसोट्या आपल्या आयोगावर बंधनकारक नाहीत, पण डॉक्टरी तर्क म्हणून पक्क्या आहेत. तुमच्या हाडवैद्यांनी, म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जननी, याच चार गोष्टी ओळीने तपासून लिहून दिल्या तर मताला वजन येतं.

कंपनीवर केस करू नका, म्हणून सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरायची तरतूद आहे, हे खरं. पण त्यासाठी त्या कुपीत दोष होता हे दाखवायला लागेल, आणि तुम्हीच म्हणताय की दोष टोचण्यात होता. कंपनीला पक्षकार केलं की दिल्ली-मुंबईचे वकील येणार, प्रत्येक तारखेला मुदत मागणार, आणि हॉस्पिटल कंपनीकडे बोट दाखवणार. एक सामनेवाला वाढला की केस लांबते.

तर मग कुठे जायचं? कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. खासगी डॉक्टरची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या निकालात ठरवलं. इथे बहुतेक लोक एका ठिकाणी अडखळतात. आयोगाची हद्द तुम्ही किती भरपाई मागता त्यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे मोजले त्यावर ठरते. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तुमचं बिल असेल टाके-इंजेक्शन धरून हजार-दोन हजारांचं. म्हणजे भरपाई दहा लाखांची मागितली तरी केस कोल्हापुरातच, आणि मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी शून्य. दिवाणी कोर्टात हाच दावा लावायचा तर मागणीच्या प्रमाणात स्टॅम्प भरावा लागला असता.

मुंबईची भीती काढून टाका. उद्या अपील झालं तरी राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठ कोल्हापूरला आहे. अपील करायला ४५ दिवस मिळतात, आणि हॉस्पिटलला अपील करायचं असेल तर निकालातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. ही अट बऱ्याच सामनेवाल्यांचं डोकं ताळ्यावर आणते.

हेच इंजेक्शन सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात फुकट घेतलं असतं तर माझं उत्तर बदललं असतं. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ती ग्राहक कायद्याबाहेर, हेही शांता निकालातच आहे. मग दिवाणी दावा, त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस, किंवा रिट, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका. रिटसाठी निदान आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात बसतं. आणि शिरोली एमआयडीसीतल्या कामगाराला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात अशी इजा झाली, तर तो मात्र ग्राहक ठरतो, कारण त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलंय. तुमचा खासगी दवाखाना आणि पैसे भरलेले, त्यामुळे हे सगळं तुम्हाला लागू नाही. बिल तुमच्या नावावर, तुमच्या फोनवरून भरलं असलं तरी काही बिघडत नाही. मात्र तक्रारदार वहिनीच. सेवा त्यांनी घेतली, खांदा त्यांचा आहे.

मुदत दोन वर्षं. तुमचे अकरा महिने गेलेत. एमआरआय झाला त्या दिवसापासून मोजता येईल असं कोणी सांगेल, आणि तसा युक्तिवाद करताही येतो, पण तो बुडत्याचा आधार. इंजेक्शनच्या तारखेपासून मोजा आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या कितीतरी आधी तक्रार दाखल करा. विलंब माफीचा अर्ज असतो, पण सुरुवातच माफी मागून कशाला करायची?

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुरावा. अशा केसेस युक्तिवादात हरत नाहीत, पहिल्या महिन्यातल्या कागदांवर हरतात. माझी स्वतःची एक हरलेली केस सांगतो. निवृत्त शिक्षक, फ्लूची लस घेतलेली, खांदा खरंच गेलेला, माणूस शब्दाचा पक्का. पण लस एका दवाखान्यात कंपाउंडरने टोचलेली, पावती घेतलेली नाही, आणि दुखण्याची पहिली नोंद पाच आठवड्यांनंतरची. मधले पाच आठवडे गुरुजी घरी शेकत बसले होते. आयोगाने त्यांच्यावर अविश्वास दाखवला नाही, फक्त म्हटलं की इंजेक्शन आणि दुखणं यांना जोडणारा कागद नाही. मला आजही ती केस खुपते.

तुमचं चित्र कसं आहे ते असं तपासा. त्या दिवसाचं बिल आणि केसपेपर, त्यात इंजेक्शनची नोंद आहे का? नसेल तर हॉस्पिटलला लेखी पत्र द्या की संपूर्ण केसपेपर, नर्सिंगच्या नोंदी आणि लसीचा बॅच नंबर द्यावा. पत्र हातात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. दिले नाहीत तर तेही तुमच्याच उपयोगाचं, कारण जो कागद दडवला जातो त्याबद्दल आयोग आपलं आपण समजून घेतं. त्याच पत्रात टोचणाऱ्या सिस्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. पुष्कळ लहान दवाखान्यांत पांढऱ्या कोटातली मुलगी नोंदणीकृत परिचारिका नसते, चार महिने बघून शिकलेली असते. तसं निघालं तर निम्मी केस तिथेच झाली.

दुसरं, दुखण्याची पहिली नोंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवलं असेल तर उत्तम. नसेल दाखवलं, तर फोन बघा. वहिनींनी बहिणीला, जावेला किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला 'हात उचलत नाही गं, ब्लाउज उद्या देते' असा मेसेज केला असणार. बायका हे लिहितात, पुरुष नुसते कण्हतात. तो मेसेज तारीख-वेळेसह जपा, फोन बदलू नका, विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदींसोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते तुमचा वकील करेल. तुम्ही फक्त मूळ फोन सांभाळा.

तिसरं, डॉक्टरचं मत. इथे अडचण आहे ती उघड बोलतो. कोल्हापूर एवढंसं गाव, शाहूपुरीतला सर्जन राजारामपुरीतल्या सर्जनविरुद्ध लिहून देत नाही. त्याला दोष देत नाही मी, वकीलही वकिलाविरुद्ध नोटीस काढायला कां-कूं करतात. म्हणून मिरज, पुणे, बेळगाव, जिथे जमेल तिथे दाखवा. पण खरी युक्ती प्रश्नात आहे. डॉक्टरांना 'यात निष्काळजीपणा झाला का?' असं विचारलं की ते पेन खाली ठेवतात. तसं विचारूच नका. दोनच गोष्टी विचारा: एमआरआयमध्ये दिसणारी सूज इंजेक्शन पिशवीत पडल्याने होऊ शकते का, आणि दुखणं सुरू होण्याची वेळ त्याच्याशी जुळते का? याचं उत्तर बहुतेक प्रामाणिक डॉक्टर लिहून देतात, कारण ते कोणावर आरोप करत नसतात. निष्काळजीपणा ठरवणं आयोगाचं काम आहे. आणि प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असंही नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये किशन राव यांच्या केसमध्ये हे सांगितलं, तिथे मलेरिया झालेल्या बाईंवर टायफॉइडचे उपचार झाले होते. पण तुमच्याकडे फ्रोजन शोल्डरचा प्रतिवाद उभा आहे, तेव्हा मत घ्याच.

त्या प्रतिवादाकडे जरा थांबून बघू, कारण तो पोकळ नाही. फ्रोजन शोल्डर चाळिशी ते साठीत होतो, बायकांत जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांत आणखी जास्त. वहिनी या प्रत्येक खान्यात बसतात, तेव्हा थायरॉइडची गोळी लपवू नका, तक्रारीत स्वतःच लिहा. लपवलेली गोष्ट सामनेवाल्यांनी काढली की खरीही खोटी वाटायला लागते. मात्र उत्तर तयार ठेवा. आपोआप होणारा फ्रोजन शोल्डर हळूहळू येतो, आठवडे-महिने घेतो. माणसाला नेमका दिवस सांगता येत नाही. इथे तुम्हाला रात्र सांगता येते. दुसरं म्हणजे, पिशवीची सूज दीर्घकाळ राहिली आणि दुखतं म्हणून हात हलवला नाही, की सांधा पुढे आवळतोच. म्हणजे आज फ्रोजन शोल्डर आहे हे मान्य करूनही तो कशामुळे आला हा प्रश्न उरतो. मी एकदा डॉक्टरांच्या बाजूने होतो तेव्हा जिंकलो ते एवढ्यावरच, की तक्रारदाराने इंजेक्शनच्या आठ महिने आधी मान आणि तोच खांदा दुखतो म्हणून गोळ्या घेतल्या होत्या आणि ते सांगितलं नव्हतं. वहिनींच्या जुन्या फायली स्वतः बघा. मानेचा एक्स-रे वगैरे कधी काढलाय का? असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

हॉस्पिटलवर केस करायची की सिस्टरवर? हॉस्पिटलवर. सिस्टर त्यांची नोकर, तिच्या चुकीला ते जबाबदार. सविता गर्ग निकालात, २००४ साली, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रुग्णाने सुरुवातीचा भार उचलला की आम्ही काळजी घेतली हे दाखवायची जबाबदारी हॉस्पिटलवर जाते. त्या पोरीला बारा-पंधरा हजार पगार असेल, तिच्याकडून काय वसूल करणार?

पोलिसांत जायचं मनात असेल तर काढून टाका. डॉक्टरांवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पक्कं आहे. सुई दोन बोटं वर लागणं त्यात बसत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे शिस्तभंगाची कारवाई होते, पैसे मिळत नाहीत. एक सरकारी नोंद मात्र जरूर करा. लसीनंतरच्या त्रासाची नोंद जिल्हा पातळीवर होते, आणि औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. या तपासणीत 'लस देण्यातली चूक' असा स्वतंत्र वर्गच आहे. त्या वर्गात नोंद झाली तर तो कागद सोन्यासारखा. नाही झाली तरी तुम्ही गप्प बसला नव्हता एवढं तरी दिसतं.

पैशांचं. किती मागावं हे मी आकड्यात सांगणार नाही, पण आकडा कसा बनतो ते सांगतो. उपचार, एमआरआय, फिजिओथेरपी, रिक्षाभाडं हा झाला पहिला ढीग, पावत्यांवर. दुसरा बुडालेल्या कमाईचा. तिसरा पुढच्या कमाईचा, आणि चौथा वेदनेचा. खरी लढाई दुसऱ्या-तिसऱ्या ढिगावर होते, कारण घरी शिवणाऱ्या बाईला पगाराची स्लिप नसते. वकीलही हळूच 'गृहिणी' लिहून मोकळे होतात, आणि तिथे निम्मी रक्कम जाते.

वहिनींची शिलाईची वही आणा. मापांची वही असते ना, पानाच्या डोक्याला गिऱ्हाइकाचं नाव, खाली छाती, कंबर, बाही, कोपऱ्यात दिलेली तारीख आणि शिलाई, कधीकधी कापडाचा तुकडाही पिन करून लावलेला. गेल्या दिवाळीआधीच्या तीन-चार महिन्यांची पानं मोजा आणि नंतरच्या लग्नसराईची मोजा. ज्या गिऱ्हाइकांचं कापड न शिवता परत दिलं त्यांच्या नावापुढे वहिनींनी काहीतरी खूण केली असेल. फोनवर आलेल्या पैशांचा बँकेचा उतारा त्याला जोडा. दोन गिऱ्हाइकांची शपथपत्रं घ्या, दोनच, पण खरी. वहीची पानं पुराव्यात निशाणी म्हणून लागली की आयोगाचे सदस्य स्वतः ती चाळतात. मी बघितलंय.

पुढच्या कमाईसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. ते सीपीआरमधून घ्या, उपचार पूर्ण झाल्यावर. प्रमाणपत्रावर समजा दहा-पंधरा टक्के आलं, तर निराश होऊ नका. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने समजावलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी. एक हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची भाकरी जाते, कारकुनाची राहूही शकते. उजवा खांदा शिवणकाम करणाऱ्या बाईचा आहे, हे वाक्य युक्तिवादात पुन्हा पुन्हा आलं पाहिजे. मात्र फुगवू नका. पंचवीस लाख मागून दीड लाख मिळण्यापेक्षा आठ मागून पाच मिळणं सोपं असतं, कारण पहिल्या आकड्यावरच आयोग तुमचा स्वभाव ओळखतं. आणि केससाठी म्हणून व्यायाम थांबवू नका. 'यांनी फिजिओथेरपी अर्ध्यात सोडली' हे सामनेवाल्यांचं आवडतं वाक्य आहे. त्याहून मोठं म्हणजे खांदा सुटला तर कुठल्याही निकालापेक्षा बरं.

क्रम असा ठेवा: आधी कागद, मग डॉक्टरचं मत, मग नोटीस. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण मी नेहमी काढतो. बहुतेक हॉस्पिटलांचा व्यावसायिक विमा असतो. नोटीस गेली की फाइल विमा कंपनीकडे जाते आणि डॉक्टर स्वतः बोलायचे बंद होतात. म्हणून डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचं असेल तर ते नोटिशीच्या आधी, शांतपणे, आणि कोणाला बरोबर घेऊन. पेठेतले चार दांडगे नव्हेत, एखादा वडीलधारा. तक्रार दाखल झाल्यावर सामनेवाल्यांना लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे कायमचं मिटवलं. ४६ व्या दिवशी म्हणणं आलं तर लगेच हरकत घ्या. निकाल कायद्यात तीन ते पाच महिन्यांत लागतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चाला, कधी जास्त. मध्यस्थीचा पर्याय विचारला तर नाही म्हणू नका, ही केस मध्यस्थीत मिटण्यासारखीच आहे. वहिनींना दर तारखेला यावं लागत नाही, पुरावा शपथपत्रावर चालतो.

वकील कोण, हे विचारू नका, आणि मला निरोपही पाठवू नका. वकिलाला अशी कामं मागता येत नाहीत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि 'फी नको, मिळालेल्या रकमेत तीस टक्के द्या' म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठून या. आपल्याकडे वकिलाला तसा करार करायला मनाई आहे, आणि सनदेचे नियम न पाळणारा माणूस तुमचे कागद काय सांभाळणार?

राहिला गल्लीतल्या हॉस्पिटलचा प्रश्न. तुम्ही तो शेवटी, जरा संकोचून विचारलाय, पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण यावरच महिनाभर अडलेले असतात. माझा एक पक्षकार रिक्षावाला होता, अशीच इजा, हँडल धरवत नव्हतं. मध्यस्थीत मिटलं, डॉक्टर स्वतः हजर होते, चहा झाला. पुढच्या पावसाळ्यात त्याने आईला तापात त्याच दवाखान्यात नेलं, कारण रात्री दीडला तोच उघडा होता. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, बिलही नेहमीचंच. मला सांगत होता, 'साहेब, काही वाटलं नाही. फक्त सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा आईची बाही मीच वर केली, खांद्यापर्यंत.'